गोड मुळी आणि अळणी घर

छापखान्याच्या वरच्या मजल्यावर, जिन्याला लागून, काचेची एक खोली होती. खाली यंत्रांची धडधड चालायची, ती आत येऊ नये म्हणून काच. आत एक टेबल, समोरासमोर दोन खुर्च्या आणि भिंतीला कागदाच्या चळती. एका खुर्चीवर वाचणारा बसायचा, दुसरीवर तपासणारा. वाचणाऱ्याच्या हातात गिऱ्हाइकाने दिलेला मूळ मजकूर असायचा आणि तपासणाऱ्यापुढे छापून आलेलं कच्चं पान. वाचणाऱ्याने मोठ्याने वाचत जायचं, स्वल्पविराम, पूर्णविराम, नवा परिच्छेद, कंस सुरू, कंस पूर्ण, सगळं तोंडाने म्हणायचं. तपासणाऱ्याने पेन्सिलीचं टोक ओळीखाली सरकवत चूक दिसली की खूण करायची. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत.

वाचणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. आवाजच तसा होता. यंत्रं चालू असताना तो काचेआडून वाचायचा ते खाली बांधणी खात्यात ऐकू जायचं. तपासणारा दुचष्मी. एक चष्मा नाकावर, एक कपाळावर, आणि तिसरा शोधत फिरायचा अशी त्याची थट्टा व्हायची. दोघे एका वयाचे, एकाच वर्षी लागलेले, आणि एकोणतीस वर्षं रोज एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेले. नवरा-बायकोसुद्धा एवढा वेळ समोरासमोर बसत नाहीत.

भोंगा नवा होता तेव्हा जुन्या फोरमनने त्याला धंद्याची पहिली गोष्ट शिकवली होती. "हे बघ, अर्थात शिरायचं नाही. अर्थात शिरलास की पाय घसरला. अर्थ कळला की जीभ शहाणपणा करते. कागदावर एक असतं, जीभ दुसरं म्हणते. तू नळ आहेस. पाणी येईल तसं सोडायचं, प्यायचं नाही."

भोंग्याने हे इतकं अंगी बाणवलं की दिवसभर वाचलेल्यातलं संध्याकाळी त्याला एक अक्षर सांगता यायचं नाही. कायद्याची पुस्तकं, बियाण्यांच्या याद्या, औषधाच्या बाटलीबरोबर येणारे चिटोरे, लग्नपत्रिका, निविदा, सगळं एका पट्टीत. एकदा एका साप्ताहिकाच्या शोकसूचना वाचताना त्याने स्वतःच्या सख्ख्या मामाची सूचना वाचली, वयासकट, पत्त्यासकट, आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला विचारलं, "का रडतेस?" ही गोष्ट छापखान्यात कितीतरी वर्षं चघळली गेली. भोंगाही हसायचा. पण त्याला त्यात थोडा अभिमानही वाटायचा, कारण त्या सूचनेत एकही चूक गेली नव्हती.

चोपन्नाव्या वर्षी त्याचा घसा बसू लागला. आधी संध्याकाळी, मग दुपारी. अर्धं पान झालं की खोकला. दुचष्मी पेन्सिल थांबवून वाट बघायचा, आणि पान लांबायचं. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, रोग काही नाही म्हणाले, कागदाची धूळ आणि वापर. "थोडं कमी बोला." भोंगा घरी येऊन बायकोला म्हणाला, "मासळीला सांगतात, थोडं कमी पोह."

त्याच सुमारास म्हाताऱ्या मालकांची मुलगी छापखाना बघू लागली होती. मालकीणबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. पण त्या काचेबाहेर उभ्या राहून आत बघायच्या, आणि एकदा म्हणाल्या, "इतर ठिकाणी आता कॉम्प्युटरच चुका दाखवतो. दोन माणसं एका पानाला मी बाबांमुळे ठेवलीयेत. काम वेळेत व्हायला हवं, एवढंच."

"एवढंच" हा शब्द भोंग्याने ऐकला. तो कामाच्या वेळी वाचलेला नव्हता, म्हणून त्याचा अर्थ लागला.

बाजारात एक झाडपाल्याचं दुकान होतं. तिथल्या माणसाने ज्येष्ठमधाच्या काड्यांची जुडी पुढे केली. "दाढेत धरा. रस गिळत राहा. गाणारी माणसं हेच करतात."

"अपाय?"

"मुळी आहे साहेब, झाडाची. मुळी काय अपाय करणार!"

आणि खरंच, जादू झाल्यासारखं झालं. पिवळट, धाग्याधाग्याची ती काडी दाढेखाली धरली की गोड रस घशातून उतरायचा आणि घसा लोण्यासारखा व्हायचा. आठवडाभरात भोंगा पुन्हा बांधणी खात्यात ऐकू जाऊ लागला. मालकीणबाई काचेपाशी थांबेनाशा झाल्या. पहिल्यांदा दिवसाला बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरायचा. मग बोटभर काडी. मग दोन. टेबलावर एक रिकामी डिंकाची बाटली धुऊन ठेवली होती, तिच्यात काड्या उभ्या असायच्या, पेन्सिलींसारख्या. दुचष्मीने एकदा चुकून पेन्सिल समजून काडीने खूण करायचा प्रयत्न केला.

"लेका, एवढी गोड काडी दिवसभर तोंडात. साखर वाढेल तुझी."

"यात साखर नसते. विचारून आलोय."

तेही खरंच होतं. साखरेची त्याने चौकशी केली होती.

तीन वर्षं गेली. छापखान्यात सगळ्यांची आरोग्य तपासणी झाली. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याच्या दंडाला पट्टा गुंडाळला, हवा भरली, सोडली, पुन्हा भरली. मग दुसऱ्या दंडाला लावला.

"काका, एकशे बहात्तर. खालचा एकशे चार. डोकं दुखतं?"

"प्रूफं वाचणाऱ्याचं डोकं दुखायचंच."

"हसू नका. घरी कुणाला होता रक्तदाब?"

भोंग्याचं हसू मावळलं. त्याचे वडील अठ्ठावन्नाव्या वर्षी, नळाखाली पाय धूत असताना, खाली बसले ते उठलेच नाहीत. भोंग्याला सत्तावन्न पूर्ण व्हायला दोन महिने होते. हे गणित त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्याचं त्याला पाठ होतं.

डॉक्टरीणबाईंनी गोळी दिली आणि मीठ बंद करायला सांगितलं.

बायको हे ऐकून कामालाच लागली. मिठाची बरणी कपाटावर, पत्र्याच्या डब्यामागे गेली. भात अळणी, रस्सा अळणी, अंडंसुद्धा अळणी. पहिल्या दिवशी भोंग्याने घास तोंडात फिरवला आणि ताटाकडे असं बघितलं की जणू त्याच्यात कुणी प्रेत ठेवलंय.

"मी पण अळणीच खाणार आहे तुमच्याबरोबर," बायको म्हणाली.

"तू कशाला? तुला काय झालंय?"

"मग दोन दोन भांडी कोण घासणार, तुमचे वाडवडील?"

महिन्याने पुन्हा पट्टा गुंडाळला गेला. एकशे अठ्ठ्याहत्तर. डॉक्टरीणबाईंनी दुसरी गोळी जोडली, लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी उतरवणारी, कारण घोट्यांवर सूज आली होती. पुढच्या महिन्यात दाब एखाद्या अंकाने उतरला आणि पुन्हा चढला.

"काका, एक विचारू? रागावू नका. बाहेर काही खारट खाता का?"

"आईशप्पथ नाही."

"काकू?"

बायको भोंग्याकडे बघत होती. घरी पोहोचेपर्यंत ती दोन पावलं पुढे चालत राहिली. दार उघडून आत गेल्यावर वळली.

"छापखान्याच्या फाटकाशी खारे दाणे मिळतात. मला काय माहीत नाही?"

"अगं, मी त्या माणसाचं तोंडसुद्धा पाहिलेलं नाही."

"मग मीठ काय हवेतून शिरतंय तुमच्यात? मी इथे दोन महिने मातीसारखं जेवतेय, आणि तुमचा आकडा वर. कोण खोटं बोलतंय मग, तो पट्टा?"

पट्टा खोटं बोलत नव्हता, भोंगाही नव्हता, आणि बायकोचं म्हणणंही चूक नव्हतं. अशा वेळी माणूस उगाच आवाज चढवतो, तसा त्याने चढवला. तीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघांत तीन दिवस अबोला झाला.

चौथ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा तिने त्याचे खिसे तपासले. सदरा, पँट, कापडी पिशवी. दाण्याचं टरफल नाही, मिठाचा कण नाही. ज्येष्ठमधाच्या सहा काड्या कागदात गुंडाळलेल्या निघाल्या. तिने त्या काढून पाहिल्या, वास घेतला, आणि कागद नीट दुमडून होत्या तशा परत ठेवल्या. आपण उगाच संशय घेतला म्हणून तिला इतकं वाईट वाटलं की संध्याकाळी तिनेच बोलणं सुरू केलं.

आता दिवसाला पाच-सहा काड्या लागत होत्या. घशासाठी दोन पुरल्या असत्या. पण अळणी जेवणाने तोंडाची चवच गेली होती, आणि सबंध दिवसात जिभेला काही कळायचं ते त्या मुळीचंच. जेवण झालं की तो काडी धरायचा, चहाऐवजी काडी धरायचा. घरी बायको मुळीची भुकटी पाण्यात उकळून द्यायची, सकाळी एक पेला, रात्री एक. "एवढं एक तरी गोड लागू दे तुम्हाला," म्हणायची.

बोटातली अंगठी निघेना. बुटाच्या नाड्या सैल बांधायला लागल्या. काचेच्या खोलीपर्यंत बत्तीस पायऱ्या होत्या, त्या त्याने इतकी वर्षं मोजल्या नव्हत्या. आता मोजायचा. सोळाव्या पायरीशी खिडकी होती, तिथे तो बाहेर काहीतरी बघतोय असं दाखवून थांबायचा. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरची भिंत आणि पाण्याची टाकी. मांड्या अशा जड व्हायच्या की जणू दुसऱ्याच्या आहेत. आणि छातीत एक नवाच प्रकार. ठोके चालू असताना मध्येच एक गाळल्यासारखा व्हायचा, आणि मग पुढचा दणकन. खाली जुन्या यंत्राचा चिमटा कधी कधी कागद उचलायला चुकायचा, तेव्हा सबंध यंत्र रिकामंच आपटायचं. तसं.

त्याने बायकोला काही सांगितलं नाही. मात्र एका रविवारी तिला विजेचा फ्यूज बदलायला शिकवला. पुढच्या रविवारी सगळ्या किल्ल्यांना दोऱ्याने चिठ्ठ्या बांधल्या. बायको उंबऱ्याशी उभी राहून बघत होती.

"कुठे जायचंय का तुम्हाला?"

"कुठे नाही. असू दे माहीत."

"मला कशाला माहीत हवंय? तुम्ही आहात ना बदलायला." आणि आत जाऊन तिने भांडी गरजेपेक्षा जोरात आदळली.

सत्तावन्न पूर्ण झाले. अठ्ठावन्नावं लागलं. आता एकेक दिवस तो वडिलांच्या शेजारून चालल्यासारखा चालत होता.

बियाण्यांची यादी वाचत असताना ते झालं. दुपारचे तीन वाजले असतील. "भोपळा, स्वल्पविराम, लांबट, स्वल्पविराम, पेरणीचा काळ," एवढं म्हणून तो थांबला. दुचष्मीने पेन्सिल टेकवून वाट पाहिली. भोंग्याला पान उलटायचं होतं आणि हात उचलेना. त्याने हाताकडे बघितलं. मग तो खुर्चीवरून, अगदी सावकाश, कुणी उतरवून ठेवल्यासारखा, खाली घसरला.

"अरे भोंग्या! भोंग्या! कुणी आहे का रे खाली!" एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा छापखान्याने दुचष्मीचा आवाज ऐकला. तो इतका पातळ होता की खालच्यांना वाटलं यंत्राचा कुठलातरी पट्टा घासतोय.

इस्पितळात त्याच्या छातीला तारा लावल्या. रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई तिथल्याच होत्या. त्या हातात कागद घेऊन खाटेपाशी आल्या.

"काका, रक्तातलं पोटॅशियम फार खाली गेलंय. हा एक क्षार असतो, स्नायूंना लागतो, आणि हृदय हाही स्नायूच. म्हणून पाय जड, म्हणून ठोके चुकतात. आणखी खाली गेलं असतं तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "मी दिलेल्या पाण्याच्या गोळीने थोडं उतरतं. पण एवढं नाही. दुसरं काहीतरी आहे. नीट आठवून सांगा. कुठलं औषध, टॉनिक, चूर्ण, इंजेक्शन?"

भोंग्याने खरोखर आठवून पाहिलं. "काही नाही बाई. तुमच्याच दोन गोळ्या."

तो खोटं बोलत नव्हता. कुणी विचारलं असतं, की भाकरतुकड्याशिवाय तोंडात काय घालता, तर त्याने लगेच सांगितलं असतं. पण औषध म्हटल्यावर काडी कुणाला आठवणार? ती त्याच्या लेखी पेन्सिलीसारखी होती, कामाची वस्तू. आणि बायकोच्या लेखी, अळणी घरात उरलेला तेवढाच लाड.

सलाइनमधून पोटॅशियम सुरू झालं. दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळी दुचष्मी आला, हातात दोन संत्री. स्टुलावर बसला, उठला, पुन्हा बसला. मग त्याने खाटेच्या गजाला दोऱ्याने अडकवलेली एक पुस्तिका ओढून घेतली. रुग्णांसाठी इस्पितळाने छापलेली, रक्तदाबाची. मागचं पान उलटून त्याने बोट ठेवलं.

"हे बघ. आपलंच काम."

"कधीचं?"

"आठ महिने झाले असतील. ते घाईचं नव्हतं का, दोन दिवसांत हवं होतं. तू अठ्ठेचाळीस पानं एका बैठकीत वाचलीस. आठवतंय?"

"बैठक आठवतेय," भोंगा म्हणाला. "तीन काड्या संपल्या होत्या."

दुचष्मी सवयीने पानं चाळत चुका शोधू लागला. बायको संत्रं सोलत होती. तिने हात पुसून पुस्तिका त्याच्याकडून घेतली. "बघू, खाण्याचं काही दिलंय का. घरी नेल्यावर काय घालायचं ते मला तरी कळू दे." तिला वाचायची सवय कमी. ती बोट ठेवून, शब्द जोडत, तोंडातल्या तोंडात वाचायची.

एका पानावर तिचं बोट थांबलं. ती मागे गेली, पुन्हा त्याच ओळीवर आली. मग तिने मोठ्याने वाचलं, अडखळत, एकेक शब्द चाचपून.

"ज्येष्ठमध... रोज आणि जास्त प्रमाणात... खाल्ल्यास शरीरात मीठ व पाणी साठून राहते, पोटॅशियम कमी होते. रक्तदाब वाढतो. पायांना सूज, स्नायूंत... अशक्तपणा. हृदयाचे ठोके... अनियमित." ती थांबली. "रक्तदाब असणाऱ्यांनी ज्येष्ठमध टाळावा."

शेजारच्या खाटेवरचा माणूस खोकला.

"हे तुम्ही वाचलं होतं?" तिने विचारलं.

"वाचलं होतं."

"हे? हेच? असंच लिहिलेलं?"

"असंच असणार."

तिने दुचष्मीकडे बघितलं. त्याने पुस्तिका घेतली, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर. ओळीवरून नजर फिरवली, एकदा, दोनदा.

"एकही चूक नाही," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही दोघं माणसं आहात का कोण आहात?" बायको म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "मी इथे मिठाच्या कणाला पहारा देत बसले. आणि रोज दोन पेले हे उकळून दिलं. माझ्या हातांनी. रात्रीचा पेला मी विसरले तर उठून परत द्यायची."

भोंग्याला म्हणायचं होतं, तुझी काय चूक, वाचलं मी. पण त्याने दुचष्मीच्या हातातून पुस्तिका घेतली आणि ती ओळ पहिल्यांदाच स्वतःसाठी वाचली.

डॉक्टरीणबाईंना सांगितल्यावर त्या खुर्ची ओढून बसल्या. किती काड्या, किती वर्षं, पेला केवढा, सगळं विचारून घेतलं. कपाळावर हात मारून म्हणाल्या, "कधीतरी घशासाठी एखादा तुकडा चघळला, तर बहुतेकांचं काही बिघडत नाही. पण दिवसाला सहा काड्या आणि वर काढा! काका, ह्या मुळीतला जो गोडवा आहे ना, तोच अंगाला मीठ धरून ठेवायला लावतो. काकू ताटातलं मीठ काढत होत्या आणि तुमचं अंग असेल नसेल तेवढं साठवून ठेवत होतं." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी मीठ विचारलं, औषधं विचारली. चघळता काय, ते विचारलं नाही."

काड्या बंद झाल्या. अंगातला परिणाम लगेच जात नाही, दोन-तीन आठवडे लागतात, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि तसंच झालं. सूज उतरली. अंगठी आधी फिरू लागली, मग निघाली. महिन्याभरात दाब एकशे सेहेचाळीसवर आला. पायातलं बळ परतलं.

भोंगा कामावर गेला. बत्तीस पायऱ्या न थांबता चढला आणि खुर्चीत बसला. दुचष्मीने टेबल आवरून ठेवलं होतं, डिंकाची बाटली दिसत नव्हती. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर खोकला. गरम पाणी झालं, गुळण्या झाल्या, खोकला तिथेच. पण ते एकवेळ निभावलं असतं. दुसरीच अडचण झाली होती, आणि ती कुठल्या डॉक्टरला सांगण्यासारखी नव्हती.

त्याला वाचलेलं कळू लागलं होतं.

जंतुनाशकाच्या डब्यावरचा मजकूर वाचताना तो मध्येच थांबायचा. "'लहान मुलांपासून दूर ठेवा.' अरे, पण हे इतकं बारीक छापलंय, कुणाला दिसणार?"

"तू वाच रे. दिसणं माझं काम."

शोकसूचनेत बेचाळीस वर्षांचा माणूस आला तर त्याचा आवाज पडायचा. आणि फोरमन म्हणाला होता तसंच झालं, जिभेने शहाणपणा सुरू केला. मूळ कागदावर वाक्य वाकडं असलं तर तोंडातून आपोआप सरळ बाहेर पडायचं, दुचष्मी त्याप्रमाणे छापलेलं पान खोडायचा, आणि गिऱ्हाईक तक्रार घेऊन यायचं. एकाच आठवड्यात तीन तक्रारी आल्या. दुचष्मीने दोन स्वतःच्या अंगावर घेतल्या.

मग कायद्याचं एक जाडजूड पुस्तक घाईने आलं. मालकीणबाई काचेबाहेर येऊन उभ्या राहिल्या. भोंगा वाचू लागला, अर्ध्या पानाला खोकला, पाऊण पानाला खोकला, आणि मग आवाज असा चिरकला की शब्दच उमटेना. मालकीणबाईंनी घड्याळाकडे बघितलं.

दुचष्मीने आपला खण इंचभर उघडला. आत, रबरांच्या मागे, दोन काड्या होत्या. भोंग्याच्याच, डिंकाच्या बाटलीतल्या, उरलेल्या. खण त्याने तसाच उघडा ठेवला. डोळ्यांत वाईट हेतू नव्हता. अडलेल्या माणसापुढे त्याला दुसरं काय ठेवायचं ते कळत नव्हतं, एवढंच. एका तुकड्याने काय होणार? डॉक्टरीणबाईही म्हणाल्या होत्या, एखाद्या तुकड्याने बहुतेकांचं बिघडत नाही.

भोंग्याच्या तोंडाला पाणी सुटलं. खरोखर सुटलं, लहान मुलासारखं. एक काडी, आणि दहा मिनिटांत बांधणी खातं ऐकेल. त्याने हात पुढे केला. खण ढकलून बंद केला. मग उठला आणि काचेचं दार उघडून बाहेर गेला.

"बाई," तो म्हणाला, आणि तो भोंग्याचा आवाज नव्हताच, कुजबुज होती. "हे आता माझ्याने होणार नाही. मोठ्याने वाचणं."

"मग कोण वाचणार?"

आतून पातळ आवाज आला. "मी वाचतो. तो बघेल."

मालकीणबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तुम्ही? तुमचं वाचन त्यांना तरी ऐकू येईल का?"

"समोरच बसतो की तो," दुचष्मी म्हणाला. "कुठे पळून जातोय?"

त्या हसल्या नाहीत, पण रागावल्याही नाहीत. "महिनाअखेरपर्यंत बघू," म्हणाल्या आणि जिना उतरल्या.

त्या दिवशी दुचष्मी वाचत होता आणि भोंगा पेन्सिल फिरवत होता, आणि तासाभरात दोन चुका त्याच्या नजरेतून निसटल्या, कारण तो ओळ बघत नव्हता, ऐकत होता. दुचष्मीने त्या परत जाऊन काढल्या. असं महिनाभर चालणार नाही, हे दोघांनाही कळत होतं.

साडेपाचला डॉक्टरीणबाईंची वेळ ठरलेली होती. हृदयाची सोनोग्राफी आधल्या आठवड्यात झाली होती, तिचा अहवाल आला होता. भोंगा एकटाच गेला, एकटाच घरी आला. बायको पाट्यावर काहीतरी वाटत होती. तिने हात थांबवला.

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, 'डाव्या कप्प्याची भिंत जाड झालेली दिसते. दाब बराच काळ जास्त राहिल्याचा परिणाम. पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा...'" तो सवयीप्रमाणे सुरू झाला, जसंच्या तसं, त्यांच्याच स्वरात, जिथे त्या थांबल्या तिथे थांबत.

"असं नको," बायको म्हणाली. "शब्द नकोत मला. काय ते सांगा."

चपला काढून भोंगा तिच्याजवळ जमिनीवर बसला. तिच्या हाताला वाटण लागलेलं होतं, ते तिने पुसलं नव्हतं.

"म्हणजे असं," तो म्हणाला, आणि शब्द शोधायला त्याला वेळ लागला. "दाब चढला होता तो बराचसा त्या काड्यांनी. सगळा नाही. थोडा माझा आहे, आमच्या घरातला. तो राहणार. गोळी राहणार, जन्मभर. काळजावर जे ओझं पडायचं ते पडून गेलंय. त्यातलं थोडं उतरेल, सगळं उतरेल असं नाही. वडिलांसारखं होईल का, ते त्यांना सांगता येत नाही. मला विचारायचं धाडस झालं नव्हतं, आज विचारलं. म्हणाल्या, सांगता येत नाही. पण औषध चुकवलं नाही आणि जपून राहिलो तर बरेच दिवस काढीन."

"बरेच म्हणजे?"

"बरेच. एवढंच म्हणाल्या."

बायकोने मान हलवली.

"आणि छापखाना?"

"महिनाअखेरपर्यंत आहे. पुढचं काही खरं नाही. आवाज काही परत येणार नाही."

"नाही आला तर नाही आला," ती म्हणाली. "आत्ता बोललात तेवढा पुरतो मला."

तिने वरवंटा पुन्हा हातात घेतला. भोंगा उठला नाही. दिवस अजून मावळायचा होता, आणि त्याला तिला आणखीही सांगायचं होतं, मालकीणबाईंचं, दुचष्मीचं, उघड्या खणाचं. तो हळू आवाजात, आपल्या शब्दांत, सांगू लागला.